अर्डेलापुरती वाट

तो डबा खाली ठेवा आधी. नाही, उघडू नका — खाली ठेवा म्हटलं ना — आणि ती शिडी राहू दे तिथेच कठड्याला टेकवून. मला रंगाचा दुसरा हात नकोय. पहिला तरी कुणी मागितला होता? खारी. खारींनी खरवडलंय ते छत. खारी फार माजल्यात हल्ली. नाहीतर गांधीलमाश्या असतील, मला काय ठाऊक, मी काय दिवसभर मान वर करून बसतो? बसा. त्या खुर्चीत नको — बरं, बसलात तर बसा आता, तशीही महिनाभर रिकामीच आहे ती. हे? हे कपाळावर? काही नाही, न्हाणीच्या दाराला आपटलो. म्हाताऱ्या माणसाला दारं दिसत नाहीत. नाव काय म्हणालात? टेसा. हां, टेसा, समोरच्या त्या उंच-बारीक घरातली. राग मानू नका, पण तुमची ती घरं — एका घराच्या जागेवर दोन उभी केलीत, अंगाला अंग लावून, भाजायच्या यंत्रातून पावाचे दोन काप वर यावेत तशी. तिथे प्रूइट राहायचा. बुटकं घर, मागे भेंडी लावलेली. प्रूइटची भेंडी अख्खी गल्ली खायची आणि अख्खी गल्ली त्याला शिव्या घालायची, कारण तो भेंडी द्यायला आला की तासभर हलायचा नाही. तुम्ही काय लावलंय तिथे? खडे. पांढरे खडे. खडे काय शिजवून खाणार?

नाही, उपकार मी विसरत नाही. महिन्यापूर्वी तुम्ही सगळी मंडळी आलात, एकसारखे सदरे घालून, गाणी लावून, म्हाताऱ्याचं घर रंगवायला — चांगुलपणा आहे तुमचा. भिंती झाल्या, कठडा ठोकला, तिसरी पायरी करकरायची ती बदललीत. ती बदलायला नको होती. पण जाऊ दे.

शहर वाढतंय, म्हणे. जो येतो तो हेच सांगतो, नॅशव्हिल वाढतंय. वाढू दे की, मी काय शेपटीला धरून ठेवलंय त्याला? उलट मीच वाढवलंय. हसू नका. शाळेत मी धड तिसरीपर्यंतही गेलो नाही, तिकडे अलाबामात कापूस वेचायला हात लागायचे, अक्षरं कोण शिकवतो — मग इथे आलो आणि सगळी उमर डांबरावर घातली. तुमचं सामान ऑरेगनहून ज्या मोठ्या रस्त्यानं आलं ना, त्याच्या खालचा थर मी ओतलाय. भर उन्हाळ्यात, बुटाचे तळ वितळायचे, वर मुकादमाच्या शिव्या. रस्ता आम्ही केला, त्या रस्त्यानं तुम्ही आलात, आणि त्याच रस्त्यानं आमची माणसं गेली. प्रूइट गेला पोराकडे. टॉलिव्हर न्हावी गेला — तो वरच गेला. चर्च विकलं. आता तिथे लोक कमरेला दोर बांधून भिंतीवर चढतात, खोट्या दगडांना धरून. आम्ही जिथे गुडघे टेकायचो तिथे पोरं लोंबकळतात, वर तिकीट काढून. आणि शनिवारी त्या नवऱ्या मुली — लग्नाआधी मजा करायला येतात ना इथे, गुलाबी बूट, गुलाबी टोप्या, उघड्या गाडीत उभ्या राहून किंचाळत जातात. परवा एकीनं मला हात केला आणि ओरडली, "आजोबा, किती गोड!" मी कुठून गोड? माझ्या उभ्या आयुष्यात मला कुणी गोड म्हटलेलं नाही, माझ्या आईनंसुद्धा नाही.

कोपऱ्यावर झाड होतं, केवढं थोरलं, वळताना लांबून दिसायचं. तोडलं. रस्त्याचं नावसुद्धा बदललं, म्हणे — जुनं नाव विकायला बरं दिसत नव्हतं. तुम्हाला काय, तुमच्या हातातला फोन बोलतो, डावीकडे वळा, उजवीकडे वळा. ज्याच्याकडे फोन नाही त्यानं काय करायचं? अं? त्याला झाड लागतं, घंटा लागते, न्हाव्याच्या दुकानाची खूण लागते. कुणाला म्हणजे? कुणालाही. असतात माणसं. फोन न चालणारी माणसं असतात.

घर विकत का नाही, हेच ना? विचारा, तुम्हीही विचारा. दोन दिवसाआड एक गाडी थांबते, गुळगुळीत दाढीचा पोरगा उतरतो, मिस्टर क्लीओफस म्हणतो, तब्येत कशी आहे म्हणतो — माझ्या तब्येतीची एवढी काळजी माझ्या लेकीला नाही. त्यांना वाटतं म्हातारा भाव चढवतोय. वाटू दे. लेकीलाही तेच वाटतं, अटलांटाहून फोन करते, बाबा, पुरे झाला हट्ट. हट्ट नाही तो. कुणाची वाट बघायची तर जागा ठरलेली असते, ती सोडून उठून जाता येत नाही — कुणाची म्हणजे? बसची. बसची वाट बघतो मी. तुम्ही प्रश्न फार विचारता.

गुलिजार नाही विचारत. ही डावीकडची, कुर्दी आहेत ती माणसं. ती राहायला आली तेव्हा मी काय कमी बोललो? तोंड माझं असंच आहे. म्हटलं, आता हे आणखी कोण, दारात चपलांचा ढीग, आत किती माणसं आहेत मोजता येत नाही, अंगणात मेंढीच्या मांसाचा धूर. पहिल्याच दिवशी ही बाई कुंपणापाशी आली, हातात एवढासा ग्लास, कमरेत बारीक, आत लालभडक चहा. म्हटलं, बाई, साखर? तर तिनं साखरेचा खडा दातात धरून वरून चहा कसा ओढायचा ते करून दाखवलं. मला पुढचे दात आहेत कुठे! खडा सरळ घशात. मी ठसकून मरतोय आणि ती पाठीत गुद्दे घालतेय आणि हसतेय. तेव्हापासून रोज संध्याकाळी चहा. तिला आमची भाषा अर्धी येते, मला तिची मुळीच नाही, त्यामुळे भांडण होत नाही. तिचं गाव सरकारनं जाळलं होतं, तिकडे डोंगरात. एकदा म्हणाली, "माझी आई तिकडे मातीत आहे, पण दर गुरुवारी संध्याकाळी घरी येते." म्हटलं, कुठल्या घरी, गाव तर जाळलं ना? म्हणाली, "या घरी. मी तुपात पीठ भाजते, वास गेला की येते." म्हटलं, एवढा समुद्र ओलांडून? तर म्हणाली, "वासाला कुठे समुद्र आडवा येतो?" घ्या. मी हसलो नाही. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर हसलो असतो. आज गुरुवारच आहे. येईल बघा वास थोड्या वेळात.

हसलो नाही कारण — कारण काय, असंच. तुम्हीच मला सांगा, तो निळा का लावलात? नाही, सांगा ना. मासिकात वाचलंत. दक्षिणेची जुनी परंपरा, व्हरांड्याचं छत आकाशी निळं हवं, माश्या बसत नाहीत, डोळ्यांना थंड वाटतं. तुम्हाला वाटलं, आपण बाहेरचे, इथल्या रीतीचा मान ठेवावा. मन चांगलं आहे तुमचं, पण ही इथली रीत नव्हतीच कधी. या गल्लीत निळं छत कुणाच्या बापानं बघितलं नव्हतं. ते एका बाईनं आणलं. माझ्या बायकोनं. अर्डेला. ती समुद्राकाठची, साउथ कॅरोलिनातल्या एका बेटावरची — इथे आली तेव्हा आमच्याच माणसांनी नाकं मुरडली, हिचं बोलणं कळत नाही, ही तिन्ही त्रिकाळ भात खाते, ही भुताखेतांचं बोलते. गोऱ्यांचं सोडा, ती आम्हालाच परकी होती. आणि एका वसंतात तिनं ताकात चुना कालवला, नीळ घातली आणि चढली शिडीवर. छत निळं, दाराची चौकट निळी. कशाला? तर तिच्या बेटावर म्हणतात, मेलेल्या माणसाला पाणी ओलांडता येत नाही. आणि असला निळा दिसला की त्याला ते पाणी वाटतं. पायऱ्यांपाशी येतं, वर बघतं आणि मागे फिरतं. — कुणासाठी म्हणजे? माझ्या आईसाठी! आई नुकतीच गेली होती, आणि अर्डेलाची खात्री होती की म्हातारी तिच्या भाताला नावं ठेवायला परत येणार. "जिवंतपणी सोसलं तेवढं पुष्कळ," म्हणाली, "आता मेलेल्या सासूचा सासुरवास नको." दर वसंतात नवा हात. शेजारणी आधी हसल्या, मग एकेक जण वाटी घेऊन आली, जरा नीळ दे गं म्हणत — प्रत्येकीला कुणी ना कुणी दाराबाहेर ठेवायचंच होतं. अशी झाली ती गल्ली निळी. आणि आता तुमच्या मासिकात आलं, परंपरा! एका सुनेचा हट्ट तो. दुसरं काही नाही.

पण तुम्ही आलात तेव्हा छत निळं नव्हतं, आठवतं? नुसतं लाकूड, उघडं, राखाडी पडलेलं. तुम्ही एकमेकांना म्हणाला असाल, बिचाऱ्यानं किती वर्षं हात लावला नाही. हात लावला नाही? तिला पुरून आलो त्याच आठवड्यात मी ते खरवडलं. तेव्हा दंडात जोर होता. एकेक थर काढला, तिच्या सगळ्या वसंतांचे थर, पार लाकडापर्यंत, चौकटीचासुद्धा. लेक म्हणाली, "बाबा, अजून माती ओली आहे आणि तुम्ही शिडीवर काय चढलाय?" म्हटलं, गप बस, तुला काय कळतं. नाही, नाही, मी मानत नाही तसलं काही, मी डांबरवाला माणूस, मी कशाला मानतो? पण ती मानायची ना. जी मानते तिच्याच दारात पाणी भरून ठेवायचं आणि वर म्हणायचं ये? आई तिच्याबरोबर आत घुसली तर घुसू दे, म्हटलं. सासूसुना एकमेकींचं बघून घेतील.

आली. कशी ते विचारू नका. संध्याकाळी तिसरी पायरी करकरायची, आणि मग ती खुर्ची — उठू नका, घाबरताय काय, बसा — ती खुर्ची जराशी हलायची, वारा नसताना. तिच्या पावडरीचा वास. बोलायची मात्र नाही. जिवंतपणी तिनं मला कधी बोलू दिलं नव्हतं, आता सगळं मीच बोलायचो. सांगायचो, आज अमुकचं घर पाडलं. सांगायचो, कोपऱ्यावर झाड नाही आता, झाड शोधू नकोस. घंटा ऐकायला थांबू नकोस, घंटा वाजत नाही. सरळ ये, सगळी उंच घरं सोडून दे, एकच बुटकं राहिलंय, ते आपलं. म्हणून नाही विकलं. कळलं आता? म्हणून कठडासुद्धा दुरुस्त केला नव्हता. इतकं सगळं बदलल्यावर मेलेल्या माणसानं घर ओळखायचं कशावरून?

आणि तिनं शब्द दिला होता मला. तुम्ही कुणाला सांगू नका, पण मला वाचता येत नाही, टेसा. एवढे रस्ते केले, त्यांच्यावरची एक पाटी मला वाचता येत नाही. पाट्या ती वाचायची. बाहेर निघालो की ती पुढे, मी मागे पिशव्या घेऊन, लोक हसायचे, बघा, बायकोच्या मागे चाललाय. हसू देत, मी कधी चुकलो नाही. शेवटी दवाखान्यात, श्वास पुरत नव्हता तरी बडबड चालूच, म्हणाली, "क्लीओफस, तू आपला आपण निघू नकोस हां. तू दुकानातून घरी येताना चुकतोस. मी येईन न्यायला. व्हरांड्यात बसून राहा." हेच शेवटचं बोलली. आता बसलोय. आणि आता तो डॉक्टर — पोरगाच आहे, तोही कुठल्या देशातला कुणास ठाऊक, पण हात हलका आहे त्याचा — तो म्हणाला, हृदय थकलंय, लांबचे बेत करू नका. नाताळचं विचारलं तर खिडकीबाहेर बघायला लागला. तुम्ही तोंड पाडू नका, मला त्याचं काही नाही. माझं आवरून झालंय. पण तुम्ही रंग लावायला आलात त्या दिवशी मी त्याच्याकडेच होतो ना. परत आलो तर तुम्ही सगळे गवतावर उभे, सरप्राइज म्हणून ओरडलात, टाळ्या वाजवल्यात. मी वर बघितलं. पाणीच पाणी. तुम्हाला वाटलं म्हातारा आनंदानं रडतोय. फोटो काढलात.

तेव्हापासून नाही आली. पायरी करकरत नाही, ती तर तुम्ही बदललीतच, पण खुर्चीही हलत नाही. मी म्हटलं, बरं, थकली असेल. म्हटलं, एवढ्या गर्दीत चुकली असेल. आणि मग गेल्या गुरुवारी गुलिजार चहा घेऊन आली, ग्लास कठड्यावर ठेवला आणि म्हणाली, "तुमच्याकडे पाहुणी आली होती, भेटली का?" म्हटलं, कसली पाहुणी? म्हणाली, "फाटकापाशी उभी होती. मी म्हटलं, आत जा, बसा, म्हातारा घरीच असतो. गेली नाही. वर बघत होती नुसती." म्हटलं, कशी होती? "टोपी होती," म्हणाली, "लिंबाच्या रंगाची, तुमच्या बायका चर्चला घालतात तसली." — टेसा, त्या टोपीतच पुरलंय मी तिला. गुलिजार इथे राहायला येण्याच्या कितीतरी आधी. गुलिजारला मी तिचा साधा फोटो कधी दाखवलेला नाही, मला बायको होती की नव्हती, तेही कधी सांगितलेलं नाही. ती आपली म्हणाली, "पुढच्या वेळी मी तिला आमच्याकडे चहाला बोलावते, बाहेर उभं ठेवणं बरं नाही." ती गेली, आणि मी हे स्टूल घेतलं, त्यावर दुधाचा खोका ठेवला, स्वयंपाकघरातली सुरी घेतली आणि चढलो. कसल्या खारी आणि कसल्या माश्या. आणि कपाळही दाराचं नाही, पडताना कठड्यावर आपटलं. फळ्यांवर उताणा पडलो होतो, उठता येईना, आणि वर सगळं निळं, बुडालेल्या माणसाला वर बघितल्यावर दिसत असेल तसं. म्हटलं, म्हाताऱ्या, इथेच गेलास आत्ता तर ती फाटकाबाहेर, तू पाण्याखाली, आणि तुला वाट दाखवायला कुणी नाही.

हां. आता रडू नका. रडून रंग निघत नाही. दिवस अजून आहे थोडा — ती शिडी आणलीय ना, मग लावा तिला कामाला. ही रंग खरवडायची पत्ती घे, खिशातच ठेवलीय मी, म्हटलं कुणी बऱ्या गुडघ्यांचं आलं तर. सबंध छत नको, पोरी. अंधार पडेल तेवढ्यात, आणि तुम्ही मेहनत केलीय, दिसतंही बरं, खोटं कशाला बोलू. पायरीपासून या खुर्चीपर्यंत, एवढीच पट्टी काढ. चढ. डावा पाय आधी. पत्ती तिरकी धर, उभी धरलीस तर लाकूड खाईल. हां. जोर लाव, तुम्ही लोक ते खोटे दगड धरून भिंती चढता ना, मग लाव की जोर. निघतंय, निघतंय. वर बघताना तोंड मीट, नाहीतर खाशील रंग. केसांत पडू दे, धुता येतो. इकडे ये आता, माझ्या बाजूला — बस, बस, रुंदी एवढी नको! बारीक होती माझी बायको. तिच्यापुरती वाट ठेव. मागून आई घुसू नये एवढी अरुंद राहू दे, तेवढं तरी तिचं ऐकायला हवं मला. थोडं पुढे. आणखी. तो शेवटचा तुकडा, खुर्चीच्या बरोबर वरचा. लाकूड दिसलं? दिसलं ना?

उतर. हळू, मी धरलीय शिडी, धरलीय म्हणजे हात लावलाय, माझ्या भरवशावर राहू नकोस. आला वास? पिठाचा. गुलिजारनं तूप टाकलं. — नाही, आता नको बसू तिथे. खाली पडलेला रंगही झाडू नकोस, राहू दे तसाच. तो डबा घेऊन जा, शिडी घेऊन जा. आणि उद्या सकाळी मी इथे बसलेला दिसलो आणि हाकेला ओ दिली नाही, तर आरडाओरडा करत गल्ली गोळा करू नकोस, आधी गुलिजारला बोलव, तिला कळेल. जा आता. बरी आहेस तू. जा म्हटलं ना — अगं, फाटक! ओढून घेऊ नकोस. उघडंच राहू दे.